एका हौद्यात दोन एटीव्ही: वजनकाट्याला न दिसणारा धोका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या अखेरीस गोव्याच्या किनारपट्टीवरील शॅक, म्हणजे तात्पुरती खानपानगृहे, उतरवली जातात, जलक्रीडा थांबतात आणि पर्यटकांना भाड्याने फिरवण्यासाठी ठेवलेल्या एटीव्ही, म्हणजे जाड, रुंद टायरांच्या त्या चारचाकी क्वाड बाइक, पावसाळ्यापुरत्या दुसरीकडे हलवाव्या लागतात. काही फोंडा आणि सत्तरी तालुक्यांतील कुळागरांकडे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांकडे, जातात, काही दुरुस्तीसाठी म्हापसा-डिचोलीकडच्या गॅरेजांत येतात, तर काही सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी किंवा बेळगावला पाठवल्या जातात. आणि ऑक्टोबर उजाडला की हीच वाहतूक उलट दिशेने सुरू होते. ही ने-आण बहुतेक वेळा छोट्या टेम्पोतून होते. ती ज्या पद्धतीने होते तिच्याकडे वाहतूक खाते, पर्यटन खाते आणि खुद्द एटीव्हींचे मालक यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एक गाडी जेमतेम मावेल अशा हौद्यात दोन चढवल्या जातात, हे माझ्या तक्रारीचे मूळ आहे; बाकीचे सगळे धोके त्यातूनच निघतात.

या गाड्या चालवतच का नेत नाहीत, असे वाचकांच्या मनात येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची रस्त्यावरील वाहन म्हणून नोंदणी होत नाही, त्यामुळे त्यांना सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याची मुभा नसते. किनाऱ्याच्या वाळूवर त्या फिरवणे हाही बेकायदा प्रकार आहे आणि कासवांची अंडी असलेल्या मोरजी, आगोंद, गालजीबागसारख्या ठिकाणी तर तो अक्षम्यच म्हणावा लागेल. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. मुद्दा इतकाच की खाजगी आवाराबाहेर पडलेली एटीव्ही दुसऱ्या वाहनाच्या पाठीवरच असली पाहिजे, आणि म्हणून तिला पाठीवर घेण्याची रीत नीट माहीत असणे ही मालकाची चैन नसून गरज आहे.

आता मापे पाहू. आपल्याकडे सर्वांत जास्त वापरला जाणारा छोटा टेम्पो म्हणजे टाटा एस, ज्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. त्याच्या गोल्ड मॉडेलचा हौदा २२० सेंटिमीटर लांब आणि १४९ सेंटिमीटर रुंद असतो, बाजूच्या फळ्या ३० सेंटिमीटर उंचीच्या असतात आणि तो साधारण ७०० ते ७५० किलो माल नेऊ शकतो. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ही मोठ्या एटीव्हींतील एक माहितीची गाडी घेतली, तर तिची लांबी सुमारे २११ सेंटिमीटर, रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर आणि वजन ३२० किलोच्या आसपास असते. म्हणजे एक गाडी सरळ चढवली की लांबीत ९ सेंटिमीटर आणि रुंदीत दोन्ही बाजूंना मिळून २७ सेंटिमीटर शिल्लक राहतात. दुसरी गाडी शेजारी उभी करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोघींची रुंदी २४४ सेंटिमीटर होते. मात्र वजनाचे गणित केले तर दोन्ही मिळून ६४० किलो भरतात, जे टेम्पोच्या क्षमतेत बसते. इथेच फसगत होते. टेम्पोवाला म्हणतो की माझी गाडी एवढे वजन सहज ओढते, मालक म्हणतो की दोन खेपांचे भाडे कशाला द्यायचे, आणि वजनकाट्यावर उभा राहणारा अधिकारीही त्यांना अडवू शकत नाही. जे मापपट्टीवर अडायला हवे ते काट्यावरून सुटून जाते.

मग दुसरी गाडी बसवतात कशी? दोन तऱ्हा माझ्या पाहण्यात आहेत. पहिली तऱ्हा म्हणजे दोन्ही एटीव्ही मागच्या चाकांवर उभ्या करून, तोंडे आभाळाकडे करून, एकमेकींना टेकवून ठेवायच्या आणि वरून दोरखंड आवळायचे. एटीव्ही आपल्या चार चाकांवर असते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य हौद्याच्या फळीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर असतो. तीच गाडी शेपटीवर उभी केली की तो एक मीटरच्या घरात जातो. टेम्पोची स्वतःची दोन चाकांमधील रुंदी काही वाढलेली नसते. अशा अवस्थेत करमल घाटातल्या किंवा चोर्ला घाटातल्या वळणावर टेम्पो जितका कलतो, तितका तो भाताच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेला असतानाही कलत नाही, कारण पोती खाली बसतात आणि ही यंत्रे वर डोलतात. शिवाय एटीव्ही उभी केल्यावर टाकीच्या झाकणातील हवेच्या छिद्रातून पेट्रोल झिरपते, इंजिनातले ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात उतरते, आणि जुन्या पद्धतीची पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यातले आम्ल सांडते. वर ताडपत्री, खाली पेट्रोल आणि शेजारी नुकताच बंद केलेला गरम सायलेन्सर, ही जोडणी कोणत्याही मेकॅनिकच्या अंगावर काटा आणील.

दुसरी तऱ्हा थोड्या मोठ्या पिकअपवाल्यांची आहे. तेथे मागचा फाळका आडवा उघडा ठेवून दुसऱ्या गाडीची मागची चाके त्याच्यावर टेकवतात. फाळका साखळ्यांवर लोंबकळत असतो. त्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या माल चढवताना क्षणभर आधार देण्यासाठी असतात, दीडशे किलोचे ओझे खड्ड्याखड्ड्यांतून तासभर उचलून धरण्यासाठी नसतात. अशा उघड्या फाळक्यामुळे टेम्पोचे मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, आणि रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोर लोखंड आहे हे कळतच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम १९४ मध्ये १-अ हे पोटकलम घालण्यात आले. माल वाहनाच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या बाहेर गेलेला असेल तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवून घेण्याचा खर्च, अशी त्यात तरतूद आहे. जादा वजनासाठीही कायद्यात मूळ दंड तेवढाच, २०,००० रुपयांचा, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी बाहेर आलेल्या मालाला जादा वजनाइतकेच गंभीर मानले आहे. रस्त्यावर मात्र पहिल्याची चौकशी क्वचितच होताना दिसते.

या दोन्ही तऱ्हांत आणखी एक प्रकार सर्रास चालतो, आणि त्याबद्दल मला राग आवरत नाही. दोर पुरेसे नसले की क्लीनरला, बहुतेक वेळा कोवळ्या वयाच्या पोराला, एटीव्हीवर बसवून ‘हँडल घट्ट धर’ म्हणून सांगतात. ब्रेक लागला तर तीनशे किलोची गाडी त्या मुलाने धरून ठेवायची असते! मालवाहू गाडीच्या हौद्यात मालावर माणूस बसवणे बेकायदा आहेच, परंतु कायद्याचे बाजूला ठेवले तरी माणसाच्या हातांनी हे काम होत नाही, हे साधे गणित आहे. युरोप आणि अमेरिकेतील माल बांधणीच्या नियमांत असे धरले आहे की जोराचा ब्रेक लागल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या आठ दशांश इतक्या जोराने पुढे रेटला जातो आणि वळणावर निम्म्या वजनाइतक्या जोराने बाजूला ओढला जातो. ३२० किलोच्या गाडीला हे लावले तर पुढचा रेटा २५० किलोहून अधिक आणि बाजूचा १६० किलो होतो. पट्टे, साखळ्या आणि हौद्याची पुढची भिंत यांनीच तो पेलायचा असतो.

तेव्हा जागा कमी असताना काय करावे? माझे पहिले सांगणे असे की टेम्पो बोलावण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी. गाडीची लांबी बंपरसकट, रुंदी टायरांच्या बाहेरच्या कडांपासून आणि हँडलची रुंदी वेगळी मोजावी, हौदा आतून मोजावा, आणि पट्टे ताणायला हात शिरेल एवढी जागा उरते की नाही ते पाहावे. कागदावर मावणे आणि खरोखर मावणे यांत फरक असतो. १४ फुटी ट्रकचा हौदा ४२७ सेंटिमीटर लांब धरला, तर २११ सेंटिमीटरच्या दोन गाड्या एकीमागे एक ठेवल्यावर पाच सेंटिमीटर उरतात. कागदावर हे जमते, पण पुढची गाडी बांधायला माणूस शिरणार कुठून? १७ फुटी ट्रक घेतला की जवळजवळ मीटरभर जागा मोकळी मिळते आणि दोन्ही गाड्या स्वतंत्रपणे बांधता येतात. ज्यांना चार-सहा गाड्या एकदम हलवायच्या आहेत त्यांनी छोट्या टेम्पोंच्या खेपा करण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून असा एक ट्रक करावा, तो माणशी स्वस्तच पडतो. लहान मुलांसाठीच्या ज्या गाड्यांची रुंदी पाऊण मीटरहून बरीच कमी आहे, त्या दोन गाड्या मात्र छोट्या हत्तीत शेजारी शेजारी बसण्यासारख्या असतात. हलक्या, उघड्या बांध्याच्या स्पोर्ट प्रकारच्या दोन गाड्या शेजारी ठेवायच्या असतील तर त्या अगदी रेषेत न ठेवता एक थोडी पुढे आणि एक थोडी मागे ठेवावी, म्हणजे एकीची चाके दुसरीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेसमोर येतात आणि थोडी रुंदी वाचते. एकीचे तोंड पुढे व दुसरीचे मागे केले की हँडलेही एकमेकांना अडत नाहीत. पण हे सगळे चारही चाके हौद्याच्या फळीवर टेकलेली असतानाच, हे पुन्हा सांगतो.

चढवताना होणारे अपघात बांधणीतल्या अपघातांपेक्षा जास्त क्रूर असतात, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. छोट्या टेम्पोचा हौदा जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर उंच धरला, तर दीड मीटर लांबीच्या फळ्या लावल्यावर चढ २८ अंशांचा होतो आणि दोन मीटर दहा सेंटिमीटरच्या फळ्या लावल्यावर तो २० अंशांच्या आत येतो. या आठ अंशांवर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो. एटीव्हीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी आणि ती तुलनेने उंच असते. तीव्र चढावर चालकाने ॲक्सिलरेटर झटक्याने दाबला की पुढची चाके उचलली जातात आणि गाडी मागे उलटून चालकाच्याच छातीवर येते. दुसरा धोका फळी घसरण्याचा. चाके वर चढताना फळीला मागे ढकलतात, आणि फळी नुसती टेकवलेली असेल तर ती हौद्याच्या कडेवरून निसटते, नेमकी अशा क्षणी की जेव्हा पुढची चाके वर आणि मागची अधांतरी असतात. म्हणून दोन्ही फळ्या टेम्पोच्या सांगाड्याला साखळीने किंवा पट्ट्याने बांधल्याच पाहिजेत. टेम्पो गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ठोकळे लावलेला असला पाहिजे. गाडीच्या मागे कोणीही उभे राहता कामा नये. फळ्या लाकडाच्या असोत की ॲल्युमिनियमच्या, त्यांनी गाडी आणि चालक या दोघांचे वजन पेलले पाहिजे. गाडीवर बसून चढवण्यापेक्षा हौद्याच्या पुढच्या भागी बांधलेल्या हाताच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, ती हळूहळू ओढून घेणे शंभर पटींनी बरे. बऱ्याच एटीव्हींच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सरळ आस असतो, त्यामुळे ती जागच्या जागी वळत नाही. अरुंद हौद्यात शिरताना ती वाकडी गेली तर आत सरळ करता येत नाही, खाली उतरवून पुन्हा सरळच चढवावी लागते. ओढाताण करून आत फिरवणारे लोक बाजूच्या फळ्या तरी मोडतात किंवा बोटे तरी चेचून घेतात.

आपल्या भूमीत एक सोय मात्र निसर्गानेच केलेली आहे. चिरेखाणींचे कडे, शेताचे बांध, डोंगरउतारावरचे रस्ते यांच्याशी टेम्पोची पाठ लावली की चढ निम्म्याने कमी होतो. खाणींच्या वर्कशॉपांत मोठ्या यंत्रांसाठी चिऱ्यांचे बांधीव चढ असत. तसा ७० सेंटिमीटर उंचीचा, दोन्ही बाजूंनी कठडा असलेला एक चढ जर किनारी पंचायतींनी वाहनतळाच्या एका कोपऱ्यात बांधला, तर एटीव्हीवाल्यांचीच नव्हे, मासेवाल्यांची आणि मंडपवाल्यांचीही सोय होईल. खर्च किरकोळ आहे.

आता बांधणी. अरुंद हौद्यात बांधणी अवघड होते याचे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तेरा-तेरा सेंटिमीटर जागा असल्याने गाडीपासून हौद्याच्या आकड्याकडे, म्हणजे हूककडे, जाणारा पट्टा जवळपास उभा राहतो. उभा पट्टा गाडीला फळीवर दाबून धरतो, पण पुढे-मागे आणि बाजूला जाण्यापासून तितकासा रोखत नाही. त्यावर उपाय असा की आधी गाडी पुढे सरकवून, मध्ये लाकडाची जाड फळी किंवा जुना टायर देऊन, हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवायची, म्हणजे ब्रेकचा रेटा भिंत घेईल. मग पट्टे फुलीसारखे टाकायचे, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूचा पट्टा उजव्या आकड्याला आणि उजव्या बाजूचा डाव्या आकड्याला. त्यामुळे पट्ट्याला तिरका कोन मिळतो आणि बाजूचा धक्का त्याच्यावर घेता येतो. पुढे दोन आणि मागे दोन असे चार स्वतंत्र पट्टे हवेत. एकच लांब दोर सगळीकडून फिरवून आणला, तर तो एका जागी तुटला की सगळी बांधणी सुटते. पट्टे सांगाड्याला किंवा कंपनीने दिलेल्या कड्यांना अडकवावेत. हँडलला किंवा सामान ठेवण्याच्या जाळीला कधीही बांधू नये, कारण हँडल वाकते आणि जाळीचे बोल्ट उपटून येतात. पट्टा हौद्याच्या पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, नाहीतर कडेने तो सुरीसारखा कापला जातो.

दोरखंडाबद्दल आपल्याकडे फार ममत्व आहे. परंतु नायलॉनचा दोर ताणला जातो आणि भिजला की अधिकच ताणला जातो, तर काथ्याच्या दोराची ताकद किती उरली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पॉलिस्टरचा रॅचेट पट्टा, म्हणजे दातेरी खटक्याने आवळायचा पट्टा, कमी ताणतो आणि त्याच्यावर किती किलोपर्यंत वापरावा हे छापलेले असते. मात्र आपल्या खाऱ्या हवेत त्याचे रॅचेट आणि आकडे लवकर गंजतात आणि उन्हात पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. ज्या पट्ट्याच्या कडा उसवल्या आहेत किंवा ज्याच्यावरचे छापील आकडे वाचता येत नाहीत, तो पट्टा फेकून द्यावा. एक चांगला पट्टा एटीव्हीच्या एखाद्या चकरेच्या भाड्याइतक्या किमतीला मिळत असताना तो दुरुस्त करून वापरण्याची काटकसर मला कळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. एटीव्हीच्या टायरांत हवा फारच कमी, साधारण पाच ते सात पीएसआय इतकीच असते, आणि शॉकप लांब हालचाल करणारे असतात. त्यामुळे घरून निघताना घट्ट वाटणारे पट्टे काही किलोमीटर गेल्यावर सैल होतात आणि मोठ्या गतिरोधकावर गाडी खाली दबली की आकडा चक्क निसटतो. म्हणून पट्टा आवळताना शॉकप बऱ्यापैकी दाबून घ्यावे आणि आकड्याला निसटू नये म्हणून खिट्टी असावी. गाडी गिअरमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेली, कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोलचा नळ बंद, टाकी अर्ध्याहून कमी भरलेली आणि किल्ली काढलेली असावी. अमेरिकेच्या नियमांनुसार मालाची बांधणी पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत तपासावी लागते. आपल्या राज्याची उत्तर-दक्षिण लांबीच सुमारे १०५ किलोमीटर आहे. पत्रादेवीहून निघालेला माणूस ८० किलोमीटरला मडगाव ओलांडून गेलेला असेल. आपल्याकडे पहिल्या पाच किलोमीटरवर, मग घाट सुरू होण्याआधी आणि घाट उतरल्यावर थांबून पट्टे पाहावेत, एवढे पुरे.

फेरीबोटीबद्दल दोन शब्द. रायबंदर-चोडण, दिवाडी किंवा केरी-तेरेखोल अशा जलमार्गांवर असे टेम्पो जातात. ओहोटीला बोटीचा उतार तीव्र होतो आणि मागे लोंबणारा भार खाली घासतो. शिवाय बोटीवर टेम्पोला खेटून दुचाकीस्वार उभे असतात. बोटीच्या कर्मचाऱ्यांनी उघड्या फाळक्याचा टेम्पो बोटीवर घेऊच नये. मुंबई-पुण्याहून गाड्या आणणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेची कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा १९९९ पासून आहे. भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवला की घाटाची वळणे टळतात. मात्र या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आहे, तेव्हा वर वीजवाहिनी आहे याचे भान ठेवून मालाच्या उंचीची परवानगी आधीच विचारून घ्यावी. गाडीमागे ओढायच्या ट्रेलरचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की ट्रेलरलाही नोंदणी लागते आणि एकूण भाराचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा पुढच्या जोडावर यावा लागतो. भार मागे गेला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो.

डिचोली परिसरात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनी खाणीचे ट्रक आयुष्यभर पाहिले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या काळात कित्येक ट्रकवाले छोट्या टेम्पोंकडे आणि पर्यटनाकडे वळले. खनिज वाहताना वजन आणि ताडपत्री या दोन गोष्टींवरून त्यांना सतत हटकले जाई, म्हणून त्या दोन गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या. आजही ते एटीव्हीवर ताडपत्री व्यवस्थित ओढतात, फक्त ताडपत्रीखाली काय कसे बांधले आहे हे कोणी विचारलेले नाही. माती ताडपत्रीने बांधली जाते, यंत्र जात नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना ज्याबद्दल विचारले गेले ते ते शिकले.

भाड्याचा मुद्दा मी टाळत नाही. दोन खेपांना दुप्पट भाडे पडते हे खरे आहे, आणि हंगाम संपल्यावर मालकाच्या हातात पैसा कमी असतो हेही खरे आहे. पण एक एटीव्ही रस्त्यावर पडली तर तिच्या दुरुस्तीतच कित्येक खेपांचे भाडे जाते, आणि ती कोणाच्या अंगावर पडली तर कोणत्या विमा कंपनीकडे जायचे हाच पहिला प्रश्न उभा राहतो, कारण पडलेल्या गाडीची रस्त्यावरील वाहन म्हणून नोंदणी नसते आणि टेम्पोत माल नियमाबाहेर भरलेला असतो.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत. पर्यटन खात्याने एटीव्ही फिरवण्याला परवानगी देताना त्या गाड्या कोणत्या वाहनातून नेल्या जातील, त्या वाहनाच्या हौद्याचे माप काय आणि चढवण्याच्या फळ्या व पट्टे मालकाकडे आहेत का, हे तीन रकाने अर्जात घालावेत. वाहतूक खात्याने व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीच्या वेळी हौद्याचे आकडे आणि फाळक्याच्या साखळ्या जागेवर आहेत की नाहीत हेही पाहावे. आज अनेक टेम्पोंचे आकडे केव्हाच तुटलेले आहेत आणि चालक दोर बंपरला बांधतात. मेच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पत्रादेवी, मोले आणि पोळे या नाक्यांवर, तसेच किनाऱ्याकडून राष्ट्रीय महामार्ग ६६ ला मिळणाऱ्या रस्त्यांवर, पोलिसांनी अशा टेम्पोंची ताडपत्री उचलून पाहावी. गाडी शेपटीवर उभी असेल, फाळका उघडा असेल किंवा मालावर माणूस बसलेला असेल तर टेम्पो तेथेच थांबवून एक गाडी उतरवून घ्यायला लावावी आणि तो खर्च कलमात म्हटल्याप्रमाणे वसूल करावा. यंदाचा हंगाम संपण्यापूर्वी संबंधित खात्यांनी निदान किनारी तालुक्यांतील एटीव्ही मालकांची एक बैठक घेऊन ही बांधणी प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी प्रशिक्षक म्हणून आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागातील शिक्षक सहज उपलब्ध होऊ शकतील.

आपला,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक,
डिचोली, गोवा